गोविंदा पथकांतील सुरक्षितता आणि आरोग्य

गोविंदा पथकांतील सुरक्षितता आणि आरोग्य या विषयात दहीहंडी फोडण्यासाठी मानवी मनोरे रचणाऱ्या तरुण मंडळांतील सदस्यांना इजा होऊ नये म्हणून घेतली जाणारी काळजी, सरावाची शिस्त, साधने, वैद्यकीय तयारी, विमा आणि त्यासंबंधीचे कायदेशीर निर्बंध यांचा समावेश होतो. गोपाळकाल्याच्या दिवशी, म्हणजे श्रावण वद्य नवमीस, मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे आणि महाराष्ट्रातील इतर अनेक शहरांत ही पथके उंचावर टांगलेली हंडी फोडतात. पथकांतील बहुसंख्य सदस्य किशोरवयीन मुले आणि तरुण असतात. सर्वांत वरच्या थरावर वजनाने हलका सदस्य लागत असल्याने तेथे परंपरेने लहान मूल चढवले जात असे. त्यामुळे या विषयातील बहुतेक वाद मनोऱ्याची उंची आणि वरच्या सदस्याचे वय या दोन प्रश्नांभोवती फिरत राहिले आहेत.

पार्श्वभूमी

गोविंदा पथक बहुधा एखाद्या वस्तीतील क्रीडा मंडळ, मित्र मंडळ किंवा सार्वजनिक उत्सव मंडळ यांच्या आधारे उभे राहते. वर्षभर कबड्डी, व्यायाम, रक्तदान किंवा गणेशोत्सव यांसाठी एकत्र येणारे सदस्य पावसाळ्यात मनोऱ्याच्या सरावाला लागतात. अनेक पथके गुरुपौर्णिमेला नारळ वाढवून सरावाला प्रारंभ करतात. तेव्हापासून गोपाळकाल्यापर्यंत साधारण पाच ते साडेपाच आठवडे मिळतात. अधिक मास आल्यास ही तारीख पुढे जाते.

पूर्वी चाळीच्या अंगणात किंवा गल्लीत दोन घरांच्या मध्ये हंडी बांधली जाई आणि तीन-चार थर पुरेसे होत. पुढे मोठ्या रकमेची बक्षिसे लावली जाऊ लागली आणि थरांची संख्या हाच पथकाच्या कीर्तीचा मापदंड ठरला. १० ऑगस्ट २०१२ रोजी ठाणे येथे जय जवान गोविंदा पथकाने नऊ थर रचले. या मनोऱ्याची १३.३४ मीटर (४३.७९ फूट) उंची गिनीज बुकात नोंदली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातच दहा थरांचे मनोरे रचले गेले. उंचीबरोबर पडण्याचा धोकाही वाढला आणि पथकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न न्यायालये, विधिमंडळ आणि रुग्णालये यांच्यापर्यंत पोहोचला.

मनोऱ्याची रचना आणि पडण्याचे स्वरूप

मनोऱ्याच्या तळाच्या थराला बेस किंवा पाया म्हणतात. मध्यभागी मजबूत बांध्याचे सदस्य एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून आत तोंड करून उभे राहतात. त्यांच्याभोवती इतर सदस्य कडी करून दाटीने आधार देतात. दुसऱ्या थरातील सदस्य त्यांच्या खांद्यांवर अनवाणी पायांनी उभे राहतात आणि याच रीतीने थर चढत जातात. वर जाताना प्रत्येक थरातील माणसांची संख्या कमी होते. ज्या थरावर एकच माणूस असतो, त्याला एक्का म्हणतात. हंडी न फोडता पूर्ण मनोरा उभा करून अभिवादन करण्याला सलामी देणे असे म्हणतात.

एक्क्यांच्या रचनेत भार वाटून घेण्यास शेजारी कोणी नसते. चार एक्के असलेल्या मनोऱ्यात वरच्या तिघांची वजने अनुक्रमे ५०, ४० आणि ३० किलोग्रॅम मानली, तर चौथ्याच्या दोन खांद्यांवर १२० किलोग्रॅम भार येतो. स्वतःच्या वजनासह तो भार खालच्या थराकडे जातो. या स्थितीत त्याला हलत्या, ओल्या खांद्यांवर तोल सांभाळावा लागतो. एखाद्याचा गुडघा थरथरला की त्याची कंपने वर आणि खाली दोन्हीकडे पोहोचतात.

पडण्याची तीव्रता उंचीवर अवलंबून असते. हवेचा विरोध वगळल्यास ६ मीटर (सुमारे २० फूट) उंचीवरून पडणारी व्यक्ती सुमारे १.१ सेकंदात जमिनीवर येते आणि तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर असतो. १२ मीटर उंचीवरून पडण्यास सुमारे १.६ सेकंद लागतात आणि वेग ताशी सुमारे ५५ किलोमीटर होतो. एवढ्या अवधीत खाली उभ्या असलेल्यांना पडणाऱ्याकडे धावत जाऊन त्याला झेलणे जवळजवळ अशक्य असते. झेलणारे आधीपासून योग्य जागी, हात वर करून आणि वर पाहत उभे असतील तरच त्यांचा उपयोग होतो.

मनोरा सहसा दोन प्रकारे कोसळतो. एखाद्या थरातील सदस्याचा पाय निसटून वरचे सदस्य एका बाजूला झुकले, तर ते मनोऱ्याच्या बाहेर पडतात आणि थेट रस्त्यावर आदळण्याची शक्यता असते. खालच्या थराची शक्ती संपून तो खचला, तर मनोरा आतल्या आत बसतो. अशा वेळी वरच्यांचा आघात खालच्यांच्या अंगावर काही प्रमाणात झेलला जातो. मात्र बेसमधील सदस्यांच्या मानेवर, पाठीवर, बरगड्यांवर आणि खांद्याच्या हाडांवर मोठा भार येतो. त्यामुळे तळाचे सदस्य जमिनीवर उभे असले तरी ते सुरक्षित आहेत असे मानता येत नाही.

दुखापतींचे प्रकार

खरचटणे, मुरगळणे आणि मुका मार या किरकोळ दुखापती सरावातही नेहमी होतात. मनगट, कोपर, खांद्याचे हाड, घोटा आणि बरगड्या यांचे अस्थिभंग अधिक गंभीर असतात. सर्वाधिक भीती डोक्याच्या आणि मणक्याच्या दुखापतीची असते. मानेच्या मणक्यांना इजा होऊन मज्जारज्जू दुखावल्यास चारही हातपाय लुळे पडू शकतात. पाठीच्या मणक्यांजवळ इजा झाल्यास कमरेखालील भाग निकामी होऊ शकतो.

अशी दुखापत एका दिवसापुरती राहत नाही. मज्जारज्जूची इजा झालेल्या तरुणाला पाठीवरील जखमा टाळण्यासाठी ठरावीक वेळाने कूस बदलून द्यावी लागते. मूत्रविसर्जनासाठी नळीचा आधार, नियमित भौतिकोपचार आणि चाकांची खुर्ची यांची गरज पडते. घरातील एका व्यक्तीला बहुधा कामधंदा सोडून त्याच्याजवळ राहावे लागते. अनेक गोविंदा घरातील कमावते सदस्य असल्याने उत्पन्न थांबणे आणि खर्च सुरू होणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. गोपाळकाल्याच्या दिवशी मुंबईतील केईएम, नायर, शीव, जे.जे., कूपर इत्यादी सार्वजनिक रुग्णालयांत जखमी गोविंदांवर उपचार होतात. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत जखमींचे आकडे छापून येतात. त्यानंतरच्या वर्षांचा हिशेब मात्र कुटुंबापाशीच राहतो.

वय आणि उंचीसंबंधी कायदेशीर निर्बंध

ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर निकाल देताना मनोऱ्याची उंची २० फुटांपेक्षा अधिक नसावी आणि १८ वर्षांखालील मुलांना सहभागी करू नये असा आदेश दिला. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाकडून उंचीच्या मर्यादेबाबत तात्पुरता दिलासा मिळाला. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाने घातलेल्या दोन्ही मर्यादा त्या वर्षीच्या उत्सवासाठी कायम ठेवल्या. पुढील वर्षी हे प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे आले. ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंची आणि वय यांवर मर्यादा घालणे हा विधिमंडळाच्या अधिकारातील विषय असल्याचे सांगून उंचीवर बंधन घालण्यास नकार दिला. १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ दिले जाणार नाही, हे राज्य शासनाचे निवेदन न्यायालयाने स्वीकारले.

त्यानंतर उंचीला न्यायालयीन मर्यादा राहिली नाही, परंतु १४ वर्षांची वयोमर्यादा लागू राहिली. पथकांना आपल्या सर्वांत हलक्या सदस्याच्या वयाचा पुरावा सांभाळावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईच्या उपनगरात सरावादरम्यान ११ वर्षांच्या मुलाचा मनोऱ्यावरून पडून मृत्यू झाला. या घटनेमुळे वयोमर्यादेचे पालन उत्सवाच्या दिवशी व्यासपीठासमोर तपासले जाते, पण गल्लीतील रात्रीच्या सरावात ते कोण पाहणार, हा प्रश्न पुन्हा पुढे आला.

ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य शासनाने दहीहंडीला साहसी क्रीडाप्रकाराचा दर्जा देण्याची घोषणा विधानसभेत केली. २०२३ पासून प्रो गोविंदा या नावाने पथकांची स्पर्धाही भरवली जाऊ लागली. खेळाचा दर्जा मिळाल्याने प्रशिक्षण, वयोगट, वैद्यकीय तपासणी आणि पंच यांविषयीचे नियम करण्यास आधार मिळाला, असे समर्थक मानतात. स्पर्धेमुळे उंचीची चढाओढ अधिक वाढेल, अशी टीकाकारांची भीती आहे.

सराव

पथकाची सुरक्षितता मुख्यतः सरावाच्या आठवड्यांत ठरते. उत्सवाच्या दिवशी साधने आणि रुग्णवाहिका उपलब्ध असल्या, तरी न सरावलेला थर त्यामुळे स्थिर होत नाही.

आरंभीच्या दिवसांत मनोरा न रचता अंग तयार करण्यावर भर देणे हितावह असते. बैठका, सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या, पोट आणि पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि मानेच्या हळुवार हालचाली यांचा त्यात समावेश होतो. बेसच्या सदस्यांना पाय आणि पाठ यांची ताकद, मधल्या थरांना घोटे व गुडघे यांची स्थिरता आणि वरच्या सदस्यांना तोल व चढण्या-उतरण्यातील चपळाई अधिक लागते. त्यानंतर दोन किंवा तीन थर लावून ते दीर्घकाळ स्थिर ठेवण्याचा सराव केला जातो. खालचे थर ठरावीक वेळ न थरथरता उभे राहिल्याखेरीज वरचा थर चढवू नये, हा जाणत्या प्रशिक्षकांचा साधा नियम आहे.

चढण्याइतकाच उतरण्याचा सराव महत्त्वाचा असतो. सर्वांत वरचा सदस्य प्रथम खाली येतो, मग त्याच्या खालचा, आणि शेवटी बेस मोकळा होतो. हंडी फुटल्यावर किंवा सलामी पूर्ण झाल्यावर जल्लोषात हा क्रम मोडला, तर यशस्वी झालेला मनोराही कोसळतो. त्यामुळे सर्वजण जमिनीवर परत आल्याखेरीज प्रयत्न पूर्ण झाला असे न मानण्याची सवय सरावातच लावावी लागते.

मनोऱ्याच्या आत असलेल्यांना वर काय चालले आहे हे दिसत नाही. बेसमधील सदस्यांची मान खाली असते आणि मधल्या थरांना फक्त शेजाऱ्याचा खांदा दिसतो. म्हणून बाहेर उभा असलेला एकच प्रशिक्षक शिटी किंवा ठरलेल्या शब्दांनी इशारे देतो. एकाच वेळी अनेकांनी सूचना दिल्यास गोंधळ होतो. थर उतरवण्याचा इशारा मिळाल्यावर कोणीही वाद न घालता उतरायचे, असे पथकात आधीच ठरलेले असावे. हा इशारा मागण्याचा अधिकार मनोऱ्यातील प्रत्येक सदस्याला, विशेषतः बेसमधील आणि सर्वांत वरच्या सदस्याला, असणे आवश्यक असते. पाठीत कळ आली किंवा भीती वाटली हे सांगणाऱ्याची थट्टा होत असेल, तर सदस्य ते लपवतात आणि धोका वाढतो. मुंबईत दृष्टिहीन तरुणांचेही गोविंदा पथक आहे. स्पर्श आणि आवाज यांवर आधारलेली शिस्त किती उपयोगी पडते, याचे ते उदाहरण मानता येते.

सरावाची जागाही तपासावी लागते. मोकळे मैदान, पुरेसा प्रकाश, जमिनीवर जाड गाद्या, उघड्या गटारांपासून व विजेच्या तारांपासून अंतर आणि वाहतूक नसलेली जागा या किमान गरजा आहेत. सराव बहुधा नोकरी किंवा शाळा-महाविद्यालय आटोपल्यावर रात्री होत असल्याने थकवा आणि अपुरा प्रकाश हे दोन धोके एकत्र येतात.

संरक्षक साधने

वरच्या थरांवरील सदस्यांसाठी शिरस्त्राण (हेल्मेट) वापरले जाते. ते डोक्याच्या मापाचे, हलके आणि हनुवटीखाली पट्ट्याने बांधलेले असावे. सैल शिरस्त्राण पडताना निसटते किंवा डोळ्यांवर सरकते. शिरस्त्राणामुळे कवटीवरील आघात कमी होतो, पण मान आणि मणका यांना त्यापासून संरक्षण मिळत नाही.

मोठ्या आयोजनांत सर्वांत वरच्या सदस्याच्या अंगावर सुरक्षा पट्टा बांधून तो क्रेन किंवा उंच आधारावरून सोडलेल्या दोराला जोडला जातो. कमरेला बांधलेल्या साध्या पट्ट्यापेक्षा खांदे, छाती आणि मांड्या यांना धरून ठेवणारा पूर्ण पट्टा अधिक सुरक्षित असतो, कारण पडताना बसणारा हिसका शरीरभर वाटला जातो. दोर हाताळणाऱ्या व्यक्तीने सदस्य वर चढत असताना दोराची ढील सतत काढून घ्यावी लागते. ढील राहिल्यास दोर ताणला जाईपर्यंत सदस्य बराच खाली येतो.

या व्यवस्थेची एक मर्यादा आहे. दोर सहसा फक्त सर्वांत वरच्या सदस्याला वाचवतो. मनोरा कोसळल्यावर तो अधांतरी राहतो, परंतु त्याच्या खालच्या चार-पाच थरांतील सदस्य कोणत्याही दोराविना खाली येतात. त्यांचे संरक्षण गाद्या, भोवतालची दाट कडी आणि पथकाची शिस्त यांवर अवलंबून असते. दोर आहे म्हणून आणखी एक थर लावण्याचा मोह झाला, तर साधनाने दिलेली सुरक्षितता खालच्यांच्या वाट्याच्या धोक्यात खर्च होते.

पडताना बाहेर उडी मारू नये आणि शक्यतो मनोऱ्याच्या आतील बाजूस, आधार देणाऱ्यांच्या दिशेने यावे, असे शिकवले जाते. अंगावरील साखळ्या, कडी, घड्याळे आणि कमरपट्ट्याची धातूची बक्कले काढून ठेवणे व नखे कापणे या छोट्या गोष्टींनीही जखमा टळतात.

आरोग्य आणि आहार

गोकुळाष्टमीला अनेक सदस्य उपवास करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नीट न खाता बाहेर पडल्यास दुपारपर्यंत अंगातील शक्ती आणि पाणी दोन्ही कमी होतात. पावसाळी दमट हवेत दाटीच्या बेसमध्ये उभ्या असलेल्यांना भरपूर घाम येतो. चक्कर येणे, पायात गोळे येणे आणि हातांची पकड सैल होणे ही त्याची लक्षणे आहेत. पोहे, उपमा, भाकरी, केळी यांसारखा साधा आहार सकाळी घेणे, दर थोड्या वेळाने पाणी पिणे आणि घाम अधिक गेल्यास जलसंजीवनी (मीठ-साखर-पाण्याचे द्रावण) घेणे उपयुक्त ठरते. भरपेट जेवून लगेच मनोऱ्यात उभे राहणे टाळावे लागते.

मोठी पथके एका दिवसात अनेक ठिकाणी सलामी देतात. रात्रीचे जागरण, ट्रकमधील प्रवास, भिजलेले कपडे आणि तासन्‌तास ताटकळणे यांमुळे संध्याकाळचे मनोरे सकाळच्या मनोऱ्यांपेक्षा कमी ताकदीचे असतात. दिवसातील सलाम्यांची संख्या आधी ठरवणे आणि उशिराच्या सलाम्यांत थर कमी ठेवणे हा यावरील सोपा उपाय आहे.

मद्य आणि अमली पदार्थ यांचे सेवन केलेल्या सदस्याचा तोल आणि निर्णयशक्ती बिघडते. त्याची चूक त्याच्या वरच्या सर्वांना भोवते. त्यामुळे अनेक पथके अशा सदस्याला त्या दिवशी थरात घेत नाहीत. फेफरे, दमा, हृदयविकार, जुना अस्थिभंग किंवा अलीकडील शस्त्रक्रिया असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय मनोऱ्यात उभे राहू नये. अशा सदस्यांना नोंदणी, पाणीवाटप, प्रथमोपचार किंवा गर्दी आवरण्याचे काम देता येते.

अनवाणी चालणे हा पावसाळ्यातील आणखी एक धोका आहे. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार पायावरील जखमेवाटे शरीरात शिरू शकतो. उंदीर आणि इतर प्राण्यांच्या मूत्रामुळे पाणी दूषित होऊन हा जिवाणूजन्य आजार पसरतो. पायावर जखम असताना साचलेल्या पाण्यातून जावे लागल्यास पाय साबणाने धुणे, जखम झाकणे आणि प्रतिबंधक औषधासाठी लवकरात लवकर डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते. त्यानंतरच्या दिवसांत ताप, तीव्र अंगदुखी किंवा डोळे लाल होणे ही लक्षणे दिसल्यास ती उत्सवाचा शीण समजून अंगावर काढू नयेत. धनुर्वाताची लस वेळेवर घेतली आहे की नाही याची नोंदही पथकाकडे असावी. ध्वनिवर्धकांच्या भिंतींजवळ दीर्घकाळ उभे राहिल्याने श्रवणशक्तीवर परिणाम होतो. शिवाय त्या आवाजात प्रशिक्षकाचे इशारे ऐकू येत नाहीत.

अल्पवयीन आणि महिला सदस्यांची सुरक्षा

१४ ते १८ वर्षे वयाच्या सदस्यांसाठी पालकांची लेखी संमती, वयाचा दाखला आणि तातडीच्या संपर्काचा क्रमांक घेणे ही प्राथमिक गरज आहे. केवळ संमतीपत्रावर सही असणे पुरेसे नसते. पालकांनी सराव प्रत्यक्ष पाहणे अधिक उपयोगी ठरते. मुलाने चढण्यास नकार दिल्यास त्याच्यावर दबाव आणू नये. हलके राहण्यासाठी त्याला उपाशी ठेवणे किंवा जेवण तोडणे हे त्याच्या वाढीस घातक असते.

तरुण मंडळांत मुलांचा शारीरिक, मानसिक किंवा लैंगिक छळ होऊ नये यासाठी काही सर्वमान्य संकेत आहेत. एका प्रौढाने एकट्या मुलाला बंद खोलीत किंवा रात्रीच्या प्रवासात सोबत ठेवू नये, किमान दोन जबाबदार प्रौढ उपस्थित असावेत, आणि तक्रार कोणाकडे करायची हे मुलांना माहीत असावे. १८ वर्षांखालील मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांना २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. अशा गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. मंडळाने आपापसांत प्रकरण मिटवणे कायद्याला धरून नाही. अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक उपलब्ध आहे.

महिलांची स्वतंत्र गोविंदा पथकेही मुंबई आणि परिसरात कार्यरत आहेत. गर्दीतील छेडछाड, कपडे बदलण्यासाठी व स्वच्छतागृहासाठी जागा नसणे आणि रात्री उशिरा घरी परतणे या अडचणी त्यांच्यासमोर असतात. स्वच्छतागृह नसल्याने दिवसभर पाणी कमी पिण्याची वेळ येते आणि त्यातून थकवा व मूत्रमार्गाचे विकार उद्भवतात. त्यामुळे आयोजकाने पुरवलेली ही सोय थेट मनोऱ्याच्या सुरक्षिततेशी जोडलेली आहे.

आयोजकांची जबाबदारी

हंडी बांधण्याची दोरी ज्या इमारतीला, खांबाला किंवा क्रेनला बांधली जाते, तो आधार भार पेलणारा आहे की नाही हे आधी तपासावे लागते. जुन्या इमारतीचा कठडा धोकादायक ठरू शकतो. हंडी बांधणारी व्यक्तीही उंचावर काम करत असल्याने तिलाही सुरक्षा पट्टा आवश्यक असतो. मनोऱ्याच्या जागी गाद्या अंथरणे, प्रेक्षकांना अडथळे लावून दूर ठेवणे, रुग्णवाहिका व डॉक्टर सज्ज ठेवणे आणि रुग्णवाहिकेसाठी रस्ता मोकळा राखणे ही आयोजकांची कामे आहेत. थर चढत असताना पाण्याचे फवारे मारल्याने खांदे निसरडे होतात. म्हणून थर लागल्यापासून उतरेपर्यंत पाणी बंद ठेवणे श्रेयस्कर असते.

बक्षिसाची रचना पथकाच्या निर्णयावर प्रभाव टाकते. फक्त थरांच्या संख्येवर बक्षीस असेल, तर डळमळणारा मनोराही पुढे नेला जातो. काही जाणकारांच्या मते, सर्व सदस्य क्रमाने सुखरूप उतरल्यावरच सलामी ग्राह्य धरल्यास थर वेळीच उतरवणाऱ्या पथकाचे नुकसान होणार नाही.

प्रवासातील अपघात हा या विषयाचा दुर्लक्षित भाग आहे. ट्रक किंवा टेम्पोच्या टपावर बसणे, दुचाकीवर तिघांनी शिरस्त्राणाविना जाणे यांमुळे मनोऱ्यात न पडलेले सदस्यही जखमी होतात.

अपघातानंतरची कृती

मनोरा कोसळल्यावर पहिली काही मिनिटे निर्णायक असतात. गर्दी जखमीला हातापायांना धरून उचलण्यास धावते. मणक्याला इजा झालेली असल्यास अशा उचलण्याने मज्जारज्जू अधिक दुखावू शकतो. उंचावरून पडलेल्या, मान किंवा पाठ दुखते असे सांगणाऱ्या, हातापायांत मुंग्या येत असलेल्या किंवा बेशुद्ध व्यक्तीच्या मणक्याला इजा आहे असे गृहीत धरावे. तिला जागेवरच ठेवून डोके व मान दोन्ही हातांनी सरळ रेषेत स्थिर धरावी, शिरस्त्राण ओढून काढू नये, पाणी पाजू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबलेला असल्यास मात्र छातीदाबन (सीपीआर) तात्काळ सुरू करणे याला प्राधान्य असते. अंगावर कोसळलेले सदस्य वरून एकेक करून बाजूला घ्यावे लागतात. खालच्याला ओढून काढू नये.

डोक्याला मार लागलेला सदस्य लगेच उठून बसला तरी त्याला त्या दिवशी पुन्हा थरात घेऊ नये. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गोंधळलेले बोलणे, झोपाळूपणा, झटके किंवा डोळ्यांच्या बाहुल्या असमान दिसणे ही मेंदूच्या दुखापतीची लक्षणे काही तासांनंतरही उद्भवतात. म्हणून त्याला एकटे घरी न पाठवता रुग्णालयात तपासून घेणे आणि घरच्यांना लक्षणे सांगून ठेवणे आवश्यक असते. प्रत्येक पथकात प्रथमोपचार शिकलेले किमान काही सदस्य असावेत आणि त्यांनी स्वतः मनोऱ्यात न चढता बाहेर थांबावे.

विमा आणि अर्थसाहाय्य

२०२२ च्या घोषणेनुसार गोविंदाचा मृत्यू झाल्यास वारसांना १० लाख रुपये, तर गंभीर दुखापतीच्या स्वरूपानुसार ७ लाख ५० हजार किंवा ५ लाख रुपये साहाय्य ठरवण्यात आले. २०२३ मध्ये राज्य शासनाने ५० हजार गोविंदांच्या विम्याचा हप्ता भरला. प्रत्येकी ७५ रुपये या दराने ही रक्कम ३७ लाख ५० हजार रुपये होते. २०२५ मध्ये हे संरक्षण दीड लाख गोविंदांपर्यंत वाढवण्यात आले.

विमा घेताना पथकांनी काही बाबी पाहणे गरजेचे असते. संरक्षणाचा कालावधी उत्सवाच्या काही दिवस आधी सुरू होत असेल, तर त्यापूर्वीच्या सरावातील अपघात त्यात येत नाहीत. यादीत नाव नसलेल्या, ऐनवेळी थरात घेतलेल्या सदस्याला लाभ मिळण्यात अडचण येते. वयोमर्यादेखालील मुलाला संरक्षण मिळत नाही. तसेच एकरकमी रकमेतून आयुष्यभराच्या शुश्रूषेचा खर्च भागतोच असे नाही. विम्यामुळे अपघाताची आर्थिक झळ कमी होते, अपघाताची शक्यता मात्र तेवढीच राहते.

तुलना : कॅटलोनियातील मानवी मनोरे

स्पेनमधील कॅटलोनिया प्रदेशात कास्तेल नावाने ओळखले जाणारे मानवी मनोरे रचण्याची परंपरा आहे. २०१० मध्ये युनेस्कोने तिचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तेथेही सर्वांत वर लहान मूल चढते. पायाभोवती शेकडो लोकांची दाट कडी केली जाते. ती भार पेलते आणि पडणाऱ्यांना झेलते. २००६ मध्ये मातारो येथे मनोऱ्यावरून पडून एका बारा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. त्यानंतर वरच्या थरांतील मुलांसाठी खास तयार केलेल्या हलक्या शिरस्त्राणांचा वापर तेथे रूढ झाला. सरावात जाळीही वापरली जाते.

तेथील एक संकेत गोविंदा पथकांच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. मनोरा पूर्ण उभा राहणे आणि तो सुखरूप उतरवणे यांची वेगवेगळी नोंद होते. सुखरूप उतरवलेल्या मनोऱ्याला वरचढ मानले जाते. परिस्थिती बिघडल्यास अर्ध्यातून मनोरा उतरवणे हाही तेथील प्रशिक्षकाच्या कौशल्याचा भाग समजला जातो. महाराष्ट्रातील अनुभवी प्रशिक्षकही हेच शिकवतात. पथकात त्या निर्णयाला मान मिळाला, तर बेसमधल्या सदस्याला वेळीच थांबण्याची हाक देता येते आणि वरच्या सदस्याला खाली यायला अवधी मिळतो.